वही आपलीही असावी

मंडळी, अहमदपूरच्या बाजारात दुकानदार काय करतो? रोकड किती आली, किती गेली, ते रोजकीर्दीत लिहितो. उधारी खातेवहीत लिहितो. कोणता माल खपला, कोणता पडून राहिला, हे त्याला वहीवरून कळतं.

वाचनालयाचेही तसेच आहे, बरं का. नवे पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याला नंबर मिळतो. कोणी नेले, कधी आणले, ते देवघेव वहीत लिहितात. कोणती पुस्तके लोक नेतात, कोणती धूळ खातात, तेही तिथेच दिसते. १९६७ सालच्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे मान्य वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते. त्यासाठी या वह्या नीट ठेवाव्या लागतात.

आता आमची एक चूक सांगतो. आम्ही शाळेत गुरुजी होतो. पुस्तकांची वही आमच्याकडे असे. वर्षाअखेर मोजले, तर एक पुस्तक कमी. ज्याच्या नावावर होते त्या पोराला बोलावले. तो म्हणाला, "गुरुजी, मी परत दिलंय." आम्ही ऐकले नाही. बापाने मजुरीतून पैसे भरले. पुढे पुस्तक कपाटामागे सापडले! पोराने ते दिले होते. आम्हीच लिहायचे विसरलो होतो.

पैसे परत केले. पण चारचौघांत पोराची मान खाली गेली, ती कशी भरून द्यावी?

तेव्हा लिहिणाऱ्याने त्याच वेळी लिहावे. आणि देणाऱ्याने पाहून घ्यावे. तुम्ही आता वाचायला शिकलात. उधारी फेडली की म्हणा, "वही दाखवा." घरी आपलीही एक वही ठेवा. त्यात तारीख आणि रक्कम लिहा. आजपासूनच लिहा.