पीक कायदेशीर, वाढावा बेकायदेशीर

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘कायदा आणि लहान उत्पादक’ या विषयासाठी मी उदाहरण निवडले आहे ते अमेरिकेतील मिशिगन राज्याचे, आणि तेही गांजाच्या पिकाचे. काहींच्या भुवया उंचावतील. गांजाचे समर्थन करण्यासाठी मी उभा नाही. परंतु राज्यसंस्था एका हाताने परवानगी देते, दुसऱ्या हाताने त्या परवानगीचा अटळ परिणाम गुन्हा ठरवते, आणि या गोंधळाचा लाभ अखेर भांडवलाच्या पदरात पडतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण सहसा सापडत नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी सुमारे ६३ टक्के मतांनी औषधी गांजाचा कायदा संमत केला. विधिमंडळाने नव्हे, थेट जनतेने. कर्करोगासारख्या दुर्धर विकाराने किंवा न हटणाऱ्या वेदनांनी पिडलेल्या, डॉक्टरचे प्रमाणपत्र असलेल्या रुग्णाला गांजा बाळगण्याची मुभा मिळाली. ज्याला स्वतः लागवड करणे जमत नाही त्याच्यासाठी ती करणारा नोंदणीकृत ‘केअरगिव्हर’ही या कायद्याने निर्माण केला. आपण त्याला काळजीवाहक म्हणू. (काळजीवाहू म्हटले की आपल्याला एकदम सरकारच आठवते, येथे तो कुणाचा मुलगा, कुणाची बहीण, कुणाचा शेजारी असू शकतो.) एका काळजीवाहकाने फार तर पाच रुग्ण सांभाळावेत, प्रत्येकामागे १२ रोपे कुलूपबंद जागेत लावावीत, आणि वापरण्याजोगा सुका गांजा मात्र दर रुग्णामागे अडीच औंसांहून, म्हणजे सुमारे ७० ग्रॅमहून अधिक बाळगू नये, असा नियम झाला. खर्चाचा मोबदला रुग्णाकडून घेण्याची सोय ठेवली.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला यातली गोम ताबडतोब कळेल. नीट जोपासलेल्या एका रोपाचेच उत्पन्न अडीच औंसांपेक्षा जास्त भरू शकते. मग बारा रोपे एकदम काढणीला आली तर? रोपांची संख्या कायद्यात बसते, पीक बसत नाही. रोप उभे आहे तोवर माणूस निर्दोष. कापून वाळवले की तोच आरोपी. बिया, देठ आणि मुळे यांचा उल्लेख करण्याचे भान कायद्याला राहिले, पण फुलांच्या वाढाव्याचे काय करायचे हे सांगण्याचे राहिले नाही.

वाढावा दुसऱ्या गरजू रुग्णाला विकावा, तर २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की रुग्णाने रुग्णाला केलेल्या विक्रीला त्या कायद्याचे संरक्षण नाही. काळजीवाहकाचे संरक्षणही त्याच्याशी नोंदणीने जोडलेल्या रुग्णांपुरतेच. ज्याला औषधी वापराचा हक्क नाही अशा माणसाला विकल्यास नोंदणी रद्द, आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. बरे, वाळत घातलेला माल कोणत्या हिशेबात धरायचा? २०१७ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयापुढे हा प्रश्न आला, तेव्हा अर्धवट वाळलेला गांजा ‘वापरण्याजोगा’ नाही, म्हणून तो मर्यादेत मोजू नये, असे ठरले. काळजीवाहकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या निर्णयाने सांगितले की तो वापरण्याजोगा नाही, म्हणूनच तो बाळगणाऱ्याला संरक्षण नाही! एकाच शब्दाने एक सुटला आणि दुसरा अडकला. कापणी व साठवण यांच्यामध्ये वाळवण येते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

या सर्वांवर केंद्राची टांगती तलवार वेगळीच. कॅलिफोर्नियात एका रुग्ण स्त्रीची घरची सहा रोपे केंद्रीय अधिकाऱ्यांनी नष्ट केली होती. त्या प्रकरणात २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा अधिकारच उचलून धरला होता.

आता भांडवल रंगमंचावर येते. २०१६ च्या कायद्याने व्यापारी लागवड, प्रक्रिया आणि दुकाने यांचे परवाने सुरू झाले. सर्वांत लहान, ५०० रोपांच्या परवान्यासाठीदेखील नियमांनी दीड लाख डॉलरचे भांडवल दाखवण्याची अट घातली. सर्वांत मोठ्या परवान्यावर १५०० रोपे. साठ रोपांचा काळजीवाहक या दारातून आत जाणार कसा? पण गंमत अशी की दुकाने उघडली तेव्हा त्यांत ठेवायला पुरेसा मालच नव्हता. लगेच, जो वाढावा काल गुन्हा होता, तो परवानाधारकांना विकण्याची तात्पुरती मुभा काळजीवाहकांना मिळाली. बड्यांची लागवड उभी राहिली आणि २०२० मध्ये ही मुभा टप्प्याटप्प्याने काढून घेतली गेली. गरज होती तेव्हा पुरवठादार, गरज सरली तेव्हा काळाबाजारवाला. २०२१ मध्ये तर पाचऐवजी एकच रुग्ण ठेवण्याची तरतूद असलेली विधेयके आली, आणि त्यांच्या पाठीशी मोठ्या उत्पादकांची संघटना होती. काळजीवाहक व रुग्ण यांनी कडाडून विरोध केला. विधेयके कायदा होऊ शकली नाहीत.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. तपासणी न झालेल्या मालात बुरशी वा कीटकनाशके असू शकतात, आणि तो घेणारा आधीच आजारी असतो. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याचे उत्तर स्वस्त सार्वजनिक प्रयोगशाळा हे आहे. लहान उत्पादकाला बाजाराबाहेर काढणे हे नव्हे.

आपल्याकडे अफूची शेती पाहा. नीमच, मंदसौर, चित्तौडगड या भागांत केंद्र सरकारच्या परवान्याने ती होते, आणि परवान्याखाली निघालेली सर्व अफू शेतकऱ्याने सरकारलाच द्यावी लागते. भाव सरकार ठरवते, तो कमी असल्याची तक्रार शेतकरी करतात, उताऱ्याची अट पाळली नाही तर परवाना जातो. त्या व्यवस्थेतला जाच मी आदर्श म्हणून सांगत नाही. पण तेथे पिकाचा अखेरचा तोळाही कुठे जायचा हे पेरणीपूर्वी ठरलेले असते. मिशिगनमध्ये २०१८ च्या मतदानाने प्रौढांना सर्रास गांजा बाळगण्याची मोकळीक मिळाली, एका प्रौढाने दुसऱ्याला अडीच औंसांपर्यंत फुकट देणेही वैध झाले. मात्र काळजीवाहकाने त्याच मालाचे मोल मागितले की गुन्हा. म्हणजे दान करा, श्रमाचा दाम मागू नका.

म्हणून आपल्या ठरावात दोन गोष्टी याव्यात असे मी सुचवतो. कोणत्याही नियंत्रित पिकाला परवाना देताना वाढाव्याची खरेदी ठरलेल्या भावाने करण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी; आणि तपासणीचा खर्च लहान उत्पादकावर टाकू नये. यावर तुमचे आक्षेप असतील, विशेषतः व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्या साथींचे. ते आता ऐकू या.