बुधाच्या पोटातली वीज

(घोटी येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



जुन्या सायकलींना डायनामो असायचा. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला आहे. त्यात लोहचुंबक असतो आणि जवळ तांब्याच्या तारेचं वेटोळं. चाक फिरलं, की चुंबक फिरतो आणि तारेत वीज वाहते. चाक थांबलं, की दिवा विझतो. म्हणजे नुसता चुंबक असून भागत नाही, तो हलावा लागतो. आणि डायनामो लावला, की पायडल जड जायचं. आठवतं ना? तयार झालेली वीज चाकाला उलटी अडवते.

आकाशातही असंच घडतं. बुध हा सूर्याच्या सर्वांत जवळचा ग्रह. तो दगडाचा लहानसा गोळा आहे. पण त्याच्या पोटात लोखंडाचा फार मोठा गाभा आहे. १९७४ साली मरिनर-१० हे यान त्याच्याजवळून गेलं. तेव्हा कळलं, की बुधही चुंबक आहे. त्याचा जोर पृथ्वीच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतका.

सूर्याकडून विजेने भारलेल्या कणांचा वारा सतत वाहतो. तो जोरात आला, की बुधाभोवतीचं चुंबकाचं कुंपण आत दाबलं जातं. चुंबकाचा जोर बदलला, की लोखंडात वीज वाहते. ती वीज वाऱ्याला उलट रेटते. पायडल जड होतं, तसंच.

आपली पृथ्वीही चुंबक आहे. सूर्यावर वादळ झालं, की तिचाही जोर हलतो. सप्टेंबर १८५९ मध्ये फार मोठं वादळ आलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्राच्या तारांत आपोआप वीज शिरली. ते वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने आकड्यांत टिपलं. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार होत्या. त्यांच्या विजेने मोजणी बिघडली असती. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभारली. तिथे हे काम आजही चालतं.

याचा आपल्याशी काय संबंध? १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज गेली. सुमारे साठ लाख लोक कित्येक तास अंधारात राहिले. आपल्या घोटीच्या भातगिरण्या आणि विहिरीवरचे पंपही विजेवरच चालतात. म्हणून अशा वादळांची नोंद ठेवावी लागते.

कुलाब्याच्या लोकांनी तारीख, वेळ आणि आकडा लिहून ठेवला. म्हणून त्या वादळाचा जोर आज सांगता येतो. मंडळी, तुम्हालाही आता लिहिता येतं. विहिरीचं पाणी किती खाली गेलं, पाऊस कधी पडला, ते तारीख घालून वहीत लिहीत चला.