परिचारिकेच्या हातमोज्यांचा खर्च कोणी सोसायचा?

(वरवट बकाल येथील कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



संग्रामपूर तालुक्यातील कर्करोगाच्या रुग्णाला शेगावचे स्टेशन गाठून अकोला, नागपूर किंवा थेट मुंबईची वाट धरावी लागते. परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. त्याच्या आसपासच्या पदपथांवर गावोगावच्या गरीब कुटुंबांनी दिवस काढले आहेत. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात, तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे उघडण्याची घोषणा केली. ती स्वागतार्हच आहे. मात्र औषधाच्या कुप्या जिल्ह्याला येतील, तेव्हा त्या उघडणाऱ्या हातांची तरतूद झालेली असेल काय?

ही औषधे साधी नव्हेत. सायक्लोफॉस्फमाइड हे पहिल्या महायुद्धात वापरलेल्या मस्टर्ड वायूच्या रासायनिक कुळातील. माणसात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची नोंद केली आहे. रुग्ण हा धोका जीव वाचविण्यासाठी पत्करतो. परिचारिकेला मात्र त्यातून कोणताच लाभ नाही. तिच्या वाट्याला रोज थोडे थोडे विष तेवढे येते. अशी औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत पेशींचे गुणधर्म बदलणारी द्रव्ये असल्याची चिन्हे फिनलंडमधील संशोधकांनी १९७९ सालीच 'लॅन्सेट'मध्ये नोंदविली. उपायही ज्ञात आहेत : औषध तयार करण्यासाठी हवा गाळणारे संरक्षक कपाट, दुहेरी हातमोजे, अंगरखा, सांडलेले औषध टिपण्याचे साहित्य आणि प्रशिक्षण.

कपाशीच्या या प्रदेशाला ही कथा नवी नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा मजुराने तोंडाला कापड का बांधले नाही, असे विचारणारे पुष्कळ निघाले. त्या कापडाचे, हातमोज्यांचे पैसे कोणी द्यायचे होते, हे विचारणारे थोडे. अर्थशास्त्राचा नियम सरळ आहे. सुरक्षेचा खर्च हिशेबाच्या वहीत चढला नाही, म्हणून तो नाहीसा होत नाही. तो कष्टकऱ्याच्या शरीरातून वसूल होतो. आणि ती परिचारिका कंत्राटी असेल, तर काही वर्षांनी आजार उद्भवल्यावर तिने कोणती औषधे किती काळ हाताळली, याचा कागदही सापडत नाही.

रुग्णाची सुरक्षाही याच धाग्याने बांधलेली आहे. व्हिन्क्रिस्टिन हे औषध शिरेतून द्यावयाचे. चुकून मणक्यातून दिले गेले, तर बहुधा मृत्यूच ओढवतो. म्हणून ते सिरिंजमध्ये न भरता सलाईनच्या छोट्या पिशवीतूनच द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली बजावले. या पिशवीला फारसा खर्च नाही. औषधाचे नाव, मात्रा आणि मार्ग दोन प्रशिक्षित व्यक्तींनी स्वतंत्रपणे पडताळावा, हा दुसरा दंडक. परंतु पाळीवर एकच परिचारिका असेल, तर पडताळणी करणारी दुसरी व्यक्ती आणायची कोठून? रिक्त पदे भरणे हा केवळ रोजगाराचा प्रश्न नाही; तोच सुरक्षेचा पहिला निकष आहे.

हा धोका रुग्णालयाच्या फाटकाशी संपत नाही. औषध घेतल्यानंतर साधारण ४८ तास रुग्णाच्या मलमूत्रातून, ओकारीतून त्याचे अंश बाहेर पडतात. घरी चादरी धुणारी असते ती आई किंवा पत्नी. तिला हातमोजे आणि चार सोप्या सूचना दिल्यावाचून रुग्णाला घरी पाठविणे हा निष्काळजीपणा होय. उरलेल्या औषधाचा कचरा १२०० अंश सेल्सियसहून अधिक तापमानात जाळावा, असे २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात. तो रुग्णालयाच्या मागील खड्ड्यात टाकता येत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी केंद्राच्या उद्घाटनाची वाट न पाहता आधीच पाच मागण्या मांडाव्यात. संरक्षक कपाट आणि साहित्याची तरतूद औषधांच्याच अंदाजपत्रकात असावी. प्रत्येक पाळीवर किमान दोन प्रशिक्षित परिचारिका असाव्यात. कायम असो वा कंत्राटी, प्रत्येकीची आरोग्यतपासणी आणि औषधसंपर्काची नोंदवही असावी. गर्भवती व स्तनदा परिचारिकेस वेतनकपातीवाचून दुसरे काम मिळावे. आणि रुग्णाच्या घरच्यांना मराठीत लेखी सूचना मिळाव्यात.

गरिबाच्या दाराशी उपचार आणणे हे न्यायाचे काम आहे. ते दुसऱ्या गरिबाच्या प्रकृतीच्या मोलाने होऊ नये, याची जबाबदारी चळवळीने घ्यावयास हवी.