टीजी सांगाल तेव्हा ओलावाही सांगा
(स्वागताध्यक्षीय भाषण)



सेल्युलोजपासून बनवलेल्या औषधी पॉलिमरांच्या काच-संक्रमणावरची ही परिषद गोव्यात ऐन पावसाळ्यातच व्हावी, असा आग्रह आम्ही स्वागत समितीने धरला. त्याचं कारण सांगतो.

लावणीच्या दिवसांत ओल्या कपड्यांनी शेतात राबणाऱ्याला चिवट नायटा झाला, की डॉक्टर बऱ्याचदा इट्राकोनॅझोल लिहून देतात. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून साखरेच्या बारीक दाण्यांवर ते हायप्रोमेलोज या सेल्युलोजच्या पॉलिमरसोबत अस्फटिक रूपात चढवतात. अस्फटिक इट्राकोनॅझोलचा टीजी, म्हणजे काच-संक्रमणाचं तापमान, ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर कोरड्या हायप्रोमेलोजचा १७० ते १८०. पॉलिमरच्या ताठ साखळ्या औषधाच्या रेणूंना जखडून ठेवतात, स्फटिक होऊ देत नाहीत.

पण हायप्रोमेलोज हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाण्याचा टीजी उणे १३७च्या जवळ! थोडा ओलावा शिरला तरी मिश्रणाचा टीजी झपाट्याने उतरतो. गॉर्डन आणि टेलर यांच्या १९५२च्या समीकरणाने ही उतरण काढता येते. शिवाय टीजीच्या खालीही रेणू पुरते थांबत नाहीत. म्हणून तर साठवण टीजीपेक्षा ५० अंश खाली असावी, असा ठोकताळा आपण पाळतो. औषध पुन्हा स्फटिक झालं, तर कॅप्सूल गिळूनही त्या शेतकऱ्याच्या अंगी पुरेसं लागणार नाही.

आता मोजणीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. डीएससीवर, म्हणजे उष्णतामापकाच्या आलेखावर, हायप्रोमेलोजची काच-संक्रमणाची पायरी मुळातच पुसट. पहिल्या तापवणीत ती पाणी उडण्याच्या रुंद खळग्यात झाकली जाते. मग आपण नमुना सुकवतो, पुन्हा तापवतो आणि मिळालेला आकडा छापतो. आकडा खराच, पण सुकवलेल्या पॉलिमरचा. रुग्णाच्या हाती पडणारी कॅप्सूल कुणी तशी सुकवलेली नसते.

म्हणून निबंधवाचकांना विनंती, की प्रत्येक टीजीबरोबर नमुन्यातल्या ओलाव्याची टक्केवारी, तापवण्याचा वेग आणि पॅन बंद होतं की उघडं, हे सांगावं. वेर्णा औद्योगिक वसाहतीत कोटिंग आणि पॅकिंग सांभाळणारी मंडळी आज सभागृहात आहेत. आषाढातल्या दमट हवेत काय घडतं, ते त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. पहिलं सत्र आम्ही त्यांच्यासाठीच राखून ठेवलं आहे.