गाडीला धक्का लागला, आता विम्याचं काय?

 

आजचा विषय गाडीच्या विम्याचा. “हा तर पुरुषांचा विषय” म्हणून आवाज बारीक करू नका. पुष्कळ घरांत गाडी चालवतात घरधनी नाहीतर मुलगा, पण आरसीवर नाव असतं बाईचं. कुठे कर्ज तिच्या नावावर मिळालं म्हणून, कुठे गटाच्या धंद्यासाठी गाडी घेतली म्हणून. आणि गाडी ज्याच्या नावावर, विमा त्याच्या नावावर. म्हणजे काही झालं तर फॉर्मवर सही तुमची लागते आणि पैसे परत येणार असतील तर तेही तुमच्या नावाने येतात. सही आपली असेल तर माहितीही आपल्याला पाहिजे.

आज मोठ्या अपघाताबद्दल बोलत नाही. बाजारातून येताना एसटी स्टँडजवळ कुणीतरी मागून ठोकलं, बंपर फुटला, दार चेपलं, दिवा गेला, असे जे रोजचे धक्के असतात त्यांचं बोलू या. अशा वेळी घाईत काहीतरी कबूल केलं जातं, कुठेतरी सही होते आणि हक्काचे पैसे हातातून जातात.

आधी घरातला कागद बघा. विमा दोन तऱ्हेचा असतो. एक थर्ड पार्टी. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याच्या १४६ व्या कलमाने हा विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण या विम्यातून आपल्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीला एक रुपया मिळत नाही. दुसरा म्हणजे ज्याला आपण फुल विमा म्हणतो तो. त्यात थर्ड पार्टी असतंच, शिवाय आपल्या गाडीचं नुकसानही धरलेलं असतं. पुष्कळ जणींना वाटतं, “विमा आहे ना, मग दुरुस्ती मिळणार.” कागदावर ‘ओन डॅमेज’ हे शब्द आणि त्यापुढे हप्त्याची रक्कम आहे का ते बघा. नसेल तर तुमचा विमा फक्त थर्ड पार्टी आहे.

त्याच कागदावर आणखी एक ओळ असते, मालक-चालकाच्या अपघात विम्याची. १५ लाखांचा. गाडी चालवताना मालकाचा मृत्यू झाला किंवा कायमचं मोठं अपंगत्व आलं तर हे पैसे मिळतात. पण त्यासाठी मालकाकडे स्वतःचं चालू लायसन्स लागतं. आता गाडी तुमच्या नावावर आणि लायसन्स मात्र घरधन्याकडे असेल, तर हा विमा ना तुम्हाला लागू होतो ना त्यांना, कारण ते मालक नाहीत. अशा घराने एजंटला स्पष्ट विचारायचं, “दादा, आमच्या घरात चालवणाऱ्यासाठी वेगळा अपघात विमा कुठला?” आणि ज्यांना हा विमा लागू होतो त्यांनी वारस म्हणून कुणाचं नाव लिहिलंय तेही बघून घ्या.

आता धक्का लागला असं धरू. गाडी थांबवा. पळून जायचं नाही आणि भांडायचंही नाही. आधी माणसं बघा. कुणाला लागलं असेल तर १०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२ ला. कायद्याचं १३४ वं कलम सांगतं की जखमीला उपचार मिळवून देणं, पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला लेखी कळवणं ही चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. खरचटलं एवढंच असलं तरी कळवा. आज “काही नाही झालं” म्हणणारा माणूस उद्या दवाखान्याचा कागद घेऊन येऊ शकतो.

माणसं ठीक असतील तर मोबाईल काढा. गाड्या हलवायच्या आधी फोटो घ्या. लांबून एक, त्यात रस्ता आणि दोन्ही गाड्या दिसल्या पाहिजेत. मग दोन्ही नंबर प्लेट. मग नुकसानीचे जवळून. समोरच्याचं नाव, फोन नंबर आणि त्याच्या विमा कंपनीचं नाव लिहून घ्या. तिथल्या टपरीवाल्याने किंवा दुकानदाराने पाहिलं असेल तर त्याचाही नंबर घ्या. एवढं झालं की गाड्या बाजूला घ्या, रस्ता मोकळा करा.

आणि आता जे सांगते ते नीट ऐका. आपल्याकडे लगेच चार माणसं जमतात आणि म्हणतात, “वहिनी, चूक झाली असं लिहून द्या, दोन हजार द्या, मिटवून टाका.” लिहून देऊ नका. विम्याच्या अटींमध्ये छापलेलं असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमा घेणाऱ्याने चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देण्याचं वचनही द्यायचं नाही. तुम्ही कबुली दिली, आणि पुढे समोरच्याने मोठी रक्कम मागितली, तर कंपनी म्हणेल, “तुम्ही आम्हाला न विचारता कबूल केलंत.” तेव्हा नम्रपणे एवढंच म्हणायचं, “भाऊ, विमा आहे, कंपनीला कळवते, तुमचाही नंबर द्या.” वाद वाढला किंवा दुसऱ्याच्या मालाचं नुकसान झालं असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करा आणि नोंदीची प्रत मागा.

त्याच दिवशी कंपनीला कळवा. कागदावर टोल फ्री नंबर असतो. फोन केला की दाव्याचा नंबर देतात, तो वहीत लिहून ठेवा. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. एजंटची मदत घ्या, पण नंबर आपल्या हातात आला पाहिजे.

गॅरेजवाल्याला आधी पत्रा उचकटू देऊ नका. कंपनीच्या माणसाने किंवा सर्वेअरने नुकसान पाहिलं पाहिजे. कधी तो येतो, कधी फोटो आणि व्हिडिओ पाठवायला सांगतात. सर्वेअरची फी कंपनी देते, आपण द्यायची नसते. कुणी मागितली तर पावती मागा, विषय तिथेच संपेल. आणखी एक गोष्ट. रेडिएटर फुटलाय, पाणी गळतंय, तरी गाडी तशीच घरापर्यंत ओढत आणली आणि इंजिन जाम झालं, तर ते वाढलेलं नुकसान आपल्या माथी. अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं. गाडी चालण्यासारखी नसेल तर टोचन करून आणा आणि त्याची पावती जपून ठेवा.

दुरुस्ती दोन रीतींनी होते. कंपनीशी करार असलेल्या गॅरेजमध्ये कॅशलेस, म्हणजे कंपनी आपला वाटा थेट गॅरेजला देते आणि उरलेला आपण. नाहीतर आपल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये, आधी पैसे आपण भरायचे आणि बिलं लावून परत मिळवायचे. कागद लागतात ते असे: भरलेला दाव्याचा फॉर्म, आरसी, विमा, चालवणाऱ्याचं लायसन्स, दुरुस्तीचा अंदाज, पक्कं बिल आणि बँकेचा तपशील. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये ठेवलं तर घरी शोधाशोध होत नाही.

आता हिशेबाचं बोलू. प्रत्येक धक्क्याला दावा करणं फायद्याचं नसतं. कसं, ते आकडे घालून बघू.

तीन गोष्टी धरायच्या. पहिली, प्रत्येक दाव्यात ठराविक रक्कम आपण सोसायची. १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी चारचाकीला १,००० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनाला २,०००, दुचाकीला १००. मालवाहू गाडीची वेगळी, तुमच्या कागदावर असते. दुसरी, झीज. नवीन सुटा भाग घातला तरी कंपनी जुन्याचीच किंमत धरते. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांना निम्मीच रक्कम. काचेला पूर्ण. पत्र्याच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे कपात, तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. ‘झिरो डेप’ जोड घेतली असेल तर ही कपात होत नाही. तिसरी, नो क्लेम बोनस. दावा न केलेल्या वर्षांसाठी ओन डॅमेजच्या हप्त्यावर सूट मिळते: एका वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला ही सूट शून्यावर येते.

समजा, गाडी तीन वर्षांची झाली, चौथं चालू आहे, झिरो डेप नाही. ओन डॅमेजचा मूळ हप्ता ६,००० रुपये. आत्तापर्यंत दावा नाही, म्हणून यंदा ३५ टक्के सूट आहे, पुढच्या वर्षी ४५ होणार. म्हणजे पुढच्या वर्षी २,७०० रुपये वाचणार. आता बंपर फुटला. बंपर ३,००० रुपये, मजुरी १,२००, एकूण ४,२००. बंपर प्लास्टिकचा, म्हणून त्याचे १,५०० मिळणार. मजुरीचे १,२००. झाले २,७००. त्यातून आपले १,००० वजा. हातात १,७००. आणि पुढच्या वर्षीची २,७०० ची सूट गेली. म्हणजे १,७०० मिळवायला २,७०० घालवले! अशा वेळी बंपर खिशातून बदललेला बरा.

दुसरं उदाहरण. त्याच गाडीचं दार आणि बॉनेट गेलं, पत्र्याचे भाग १२,००० रुपयांचे. बंपर आणि दिवा ४,०००. मजुरी ६,०००. एकूण २२,०००. पत्र्याला २५ टक्के कापून ९,०००, प्लास्टिकचे २,०००, मजुरी ६,०००, झाले १७,०००. आपले १,००० वजा. मिळाले १६,०००. इथे दावा करायचाच. मात्र सूट गेली की ती पुन्हा २० टक्क्यांपासून चढत जाते, म्हणून तोटा एका वर्षाचा नसतो, हेही मनात धरा. गॅरेजवाल्याकडून आधी अंदाज घ्या, मग वहीवर हा हिशेब मांडा. दावा न करता स्वतः दुरुस्त करणार असाल, पण समोरच्याचंही नुकसान झालंय, तर कंपनीला कळवून ठेवायला विसरू नका.

दावा कशाने अडतो? चालवणाऱ्याकडे त्या गाडीचं चालू लायसन्स नसेल तर. चालवणारा प्यायलेला असेल तर. पांढऱ्या नंबर प्लेटच्या खासगी गाडीतून भाडं घेऊन माणसं नेली असतील तर. बाजाराच्या दिवशी शंभर-दोनशे रुपये सुटतात म्हणून केलेलं वडाप पंधरा-वीस हजारांना पडू शकतं. आणि जुनी गाडी घेतली, आरसी नावावर झाली, पण विमा आधीच्याच मालकाच्या नावावर राहिला तर. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं असतं. आधीच्या मालकाची बोनसची सूट मात्र आपल्याला मिळत नाही, ती त्याची. एजंट म्हणाला, “लावून टाकतो सूट, कोण बघतंय,” तर नको म्हणा. दावा आला की कंपनी बघते. आणि विम्याची तारीख चुकवू नका. संपून ९० दिवस उलटले की आपली स्वतःची बोनसची सूटही जाते.

एवढं सगळं नीट करूनही कंपनीने दावा नाकारला किंवा फार कमी रक्कम दिली, तर गप्प बसायचं कारण नाही. नाकारण्याचं कारण लेखी मागा. फक्त उशिरा कळवलं एवढ्यावरून खरा दावा नाकारू नये, असं विमा नियामकाने २०११ सालीच कंपन्यांना कळवलेलं आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. नियामकाच्या बीमा भरोसा सेवेवर १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. कंपनीने एका महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जायचं. त्यांची कार्यालयं पुणे आणि मुंबईला आहेत. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा, एवढं लक्षात ठेवा.

मैत्रिणींनो, आता एक काम सांगते. गटाच्या पुढच्या बैठकीला जिच्या घरी गाडी आहे तिने विम्याचा कागद घेऊन यावं. स्कूटी असो, पिकअप असो. सगळ्यांनी मिळून चार गोष्टी वाचा: विमा कुणाच्या नावावर, संपतो कधी, ओन डॅमेज आहे की नाही, आणि १५ लाखांच्या विम्याला वारस कोण. शिकलेल्या मुलीला वाचायला बसवा. टोल फ्री नंबर कागदावरून मोबाईलमध्ये घ्या आणि गाडी चालवणाऱ्याच्या मोबाईलमध्येही घाला. अर्ध्या तासाचं काम आहे. ते झालं की मग चहा ठेवा.