घरगुती साबण : घाणा बिघडतो कोठे?

(कडोली, ता. जि. बेळगाव येथे ग्रामस्थ, शिक्षक व महिला बचतगटांच्या सभासद यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चुलीवर न शिजवता साबण तयार करण्याची पद्धत आता अनेक घरांत पोहोचली आहे. तेल आणि कॉस्टिक सोड्याचे पाणी एकत्र घोटावे, साच्यात ओतावे, दुसऱ्या दिवशी वड्या कापाव्यात आणि पुढे चार ते सहा आठवडे त्या मुरत ठेवाव्यात, एवढीच तिची कृती. कृती सोपी म्हणूनच तिच्यातील बिघाड लवकर ध्यानी येत नाही. एक घाणा बिघडला म्हणजे किलोभर तेल आणि दीड महिना वाया गेला. हे नुकसान एक वेळ सोसता येते; परंतु कॉस्टिक मोकळे राहिलेली वडी शेजारच्या घरी विकली गेली आणि तिने लेकराचे अंग भाजले, तर ते कशाने भरून येणार? आज बोलावयाचे आहे ते मुख्यतः ह्या दुसऱ्या प्रकाराविषयी.

साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक यांच्या संयोगातून निर्माण होणारा तिसराच पदार्थ. फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल याने तेले व चरबी यांची घटना शोधून काढली आणि १८२३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून ह्या क्रियेचा हिशेब मांडता येऊ लागला. हिशेब असा, की प्रत्येक तेलाची कॉस्टिकची भूक निराळी असते. एक ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागते, भुईमुगाच्या तेलाला ०.१३६ आणि एरंडेलाला ०.१२८. समजा, ४०० ग्रॅम खोबरेल, ५०० ग्रॅम भुईमूग व १०० ग्रॅम एरंडेल घेतले. त्यांना अनुक्रमे ७३.२, ६८ व १२.८, म्हणजे एकंदर १५४ ग्रॅम कॉस्टिक लागेल. त्वचेच्या सुरक्षिततेसाठी त्यातून पाच टक्के वजा करावेत; राहिले सुमारे १४६ ग्रॅम. पाणी साधारण ३०० ग्रॅम.

आता बिघाड कोठे शिरतो पाहा. खोबरेल महागले म्हणून एखादी भगिनी ते वगळते व त्याजागी तेवढेच भुईमुगाचे तेल घालते. कॉस्टिक मात्र पूर्वीइतकेच. नव्या मिश्रणाची भूक १३५ ग्रॅमचीच आहे. म्हणजे ११ ग्रॅम कॉस्टिक त्या वड्यांत मोकळे राहिले. वडी दिसावयास पांढरीशुभ्र व कठीण, आणि म्हणूनच फसवी. दुसरी चूक मापाची. लिटर म्हणजे किलो नव्हे. एक लिटर तेलाचे वजन ९१० ते ९२० ग्रॅमच्या आसपास भरते. वरील कृतीतील तेले ग्रॅमऐवजी मिलिलिटरने मोजली, तर पाच टक्क्यांची सवलत तर जातेच, शिवाय चार-पाच ग्रॅम कॉस्टिक शिल्लक उरते. तेव्हा पेला, वाटी, चिपटे यांना ह्या कामात स्थान नाही. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखविणारा इलेक्ट्रॉनिक काटा प्रत्येक गटाजवळ असलाच पाहिजे. साच्यांचा व सुगंधाचा खर्च त्यामागून.

मोकळे कॉस्टिक ओळखावे कसे? जिभेला वडी लावून पाहण्याचा उपाय काही ठिकाणी सांगितला जातो. तो करू नये. हळद लावून पाहणेही निरुपयोगी, कारण चांगल्या साबणानेही हळद तांबडी होते. (अंगाला लावावयाच्या साबणात पिवळा रंग यावा म्हणून हळद घालणाऱ्यांची निराशा होते, ती ह्याच कारणाने.) येथे शिक्षक बंधूंचे साहाय्य मोलाचे ठरेल. शाळेच्या प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण असते. मुरलेली कोरडी वडी मधोमध कापावी व ताज्या कापावर एक थेंब टाकावा. थेंब बिनरंगी अथवा अगदी फिकट राहिला तर ठीक. गडद गुलाबी झाला तर तो घाणा विकू नये. वडी ओली मात्र करू नये, कारण पाण्यात विरघळलेला निर्दोष साबणही ह्या द्रावणाला रंग देतो.

असा घाणा टाकूनच द्यावा लागतो असे नाही. सर्व वजने वहीत नोंदलेली असतील तर तो सुधारता येतो. वरच्या उदाहरणात सुमारे १४० ग्रॅम भुईमुगाचे तेल आणखी घातले म्हणजे हिशेब पुन्हा जुळतो. हातमोजे घालून वड्या किसाव्यात, स्टीलच्या पातेल्यात थोडे पाणी व हे तेल घालून ते पातेले उकळत्या पाण्यावर ठेवावे व एकजीव होईपर्यंत ढवळावे. वजने ठाऊक नसतील तर मात्र दुरुस्तीचा नाद सोडावा.

मिश्रण साच्यात फाटून तेल वर तरंगते, त्याचे कारण बहुधा अपुरे घोटणे हे असते. आपल्याकडे एक विशेष अडचण आहे. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठते, आणि हिवाळ्यात बेळगावची पहाट त्याहून पुष्कळ थंड असते. थंड भांड्यात तेल नुसते गोठू लागते व मिश्रण दाट झाल्याचा भास होतो. ओतल्यावर ते फाटते. तेल व कॉस्टिकचे पाणी दोन्ही ४० ते ४५ अंशांवर असताना एकत्र केली म्हणजे हा धोका राहत नाही. याच्या उलट, लवंगेचे तेल किंवा बाजारातील काही सुगंधी अर्क घालताच मिश्रण क्षणात घट्ट होते. नवा अर्क आधी शंभर ग्रॅमच्या घाण्यात पाहावा.

वडीवर पांढरी भुकटी दिसली की पुष्कळजण घाबरतात. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पृष्ठभागी धुण्याचा सोडा तयार होतो, एवढाच तो प्रकार; ओल्या फडक्याने पुसावा. मधोमध गडद वर्तुळ दिसणे हाही दोष नव्हे. आतला भाग अधिक तापल्याची ती खूण.

वडी मऊ राहते ती पाणी जास्त झाल्याने, खोबरेल कमी पडल्याने, किंवा कॉस्टिक जुने झाल्याने. उघड्या पिशवीतील कॉस्टिक हवेतील ओल शोषून घेते आणि त्याचा जोर कमी होतो. ते घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवावे. आपल्याकडील पावसाळ्यात वड्यांना घाम सुटतो. साबणातच निर्माण झालेले ग्लिसरीन दमट हवेतील पाणी ओढते, त्याचा हा परिणाम. अशा दिवसांत मुरण्यास अधिक अवधी द्यावा. आठवड्याला एक वडी तोलावी. वजन घटावयाचे थांबले म्हणजे ती तयार झाली.

नारिंगी ठिपके व खवट वास हा तेलाचा दोष. तळणीचे उरलेले तेल अंगाच्या साबणात घालू नये, आणि वड्या लोखंडी पत्र्यावर वाळवू नयेत. लोखंडाच्या स्पर्शाने खवटपणा वाढतो. विहिरीचे अथवा बोअरचे जड पाणीही टाळावे. गाळलेले पावसाचे पाणी किंवा बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. कॉस्टिक पाण्यात घालावे. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. द्रावण आपोआप उकळत्या पाण्याच्या जवळपास तापते व त्याच्या वाफा छातीत जातात, म्हणून हे काम उघड्या पडवीत, हातमोजे व चष्मा घालून करावे. ॲल्युमिनियमचे, ज्याला आपण जर्मनचे म्हणतो ते, पातेले मुळीच वापरू नये. कॉस्टिक ते खाते आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. निवलेले द्रावण साध्या पाण्यासारखे दिसते. ते तांब्यात किंवा पेल्यात ठेवणे म्हणजे घरातील मुलांच्या जिवाशी खेळ होय. अंगावर वा डोळ्यांत उडाल्यास लिंबू, व्हिनेगर असे काही लावीत न बसता वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धुवावे आणि दवाखाना गाठावा. पोटात गेल्यास ओकारी काढू नये.

विक्री करू इच्छिणाऱ्या गटांसाठी एक सूचना. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील सौंदर्यप्रसाधनांच्या व्याख्येतून साबण पूर्वी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. अंगाचा साबण विक्रीसाठी तयार करावयाचा तर २०२० च्या नियमांप्रमाणे राज्याच्या औषध नियंत्रण खात्याचा परवाना लागतो, आणि वेष्टनावर उत्पादकाचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक छापावा लागतो. घाण्याचा क्रमांक घालावयाचा तर प्रत्येक घाण्याची वही हवी : तारीख, प्रत्येक तेलाचे वजन, कॉस्टिकचे वजन, पाणी, तापमान आणि फिनॉल्फ्थॅलीनचा निकाल. अशा वहीचा एक नमुना आज येथे मांडून ठेवला आहे. सभा संपल्यावर गटप्रमुखांनी तो उतरवून घ्यावा.