शुल्कमाफी झाली, ताटाचे आणि खाटेचे काय?

(पक्षाच्या तालुका कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘शिक्षणाचे व्यापारीकरण’ असा विषय छापला आहे. या विषयावर आपण ठराव पुष्कळ केले आहेत आणि ते सारे माझ्या मते योग्यच होते. तेच पुन्हा सांगण्यासाठी आपला वेळ घेण्याची माझी इच्छा नाही. मी आज त्याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करणार आहे. दहावी-बारावीच्या वर्गात मूल आहे, घरात अडीच-तीन एकर जमीन आहे किंवा कारखान्यातील कंत्राटी नोकरी आहे, अशा कुटुंबाने महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च कसा भागवावा? त्याची आखणी केव्हा करावी? आणि आपण, म्हणजे समाजवादी म्हणविणाऱ्या कार्यकर्त्यांनी, त्या घरात बसून त्याला कोणती मदत करावी?

इतिहासाची थोडी उजळणी येथे आवश्यक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे जातीजातींची वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली; तिच्याही मुळाशी वसतिगृह होते, आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना होती. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. या तिघांच्या विचारांत आणि साधनांत अंतर होते, परंतु एक गोष्ट तिघांनीही ओळखली होती. खेड्यातील मुलाला अडविणारी भिंत केवळ फीची नसते. शहरात गेल्यावर दोन वेळचे ताट आणि रात्रीची खाट मिळाली नाही, तर फुकट शिक्षणाचाही त्याला उपयोग नसतो. आपण पुढल्या काळात ‘फी’ या एका शब्दाभोवती फिरत राहिलो, आणि ताट-खाटेचा प्रश्न खाणावळवाल्याच्या आणि घरमालकाच्या हवाली केला.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यानंतर काय घडले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द मराठी भाषेला त्याच दशकाने दिला. देणगी घेण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९८७ साली झाला. देणगी तरीही घेतली गेली, फक्त पावतीवरची नावे बदलली. सर्वोच्च न्यायालयाचे १९९३, २००२ आणि २००५ चे निकाल, नंतर २०१५ चा राज्याचा शुल्क नियमनाचा कायदा, हा सारा प्रवास वकिलांना अधिक ठाऊक. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यातून एवढेच दिसते की, जो खर्च समाजाने करावयाचा तो हळूहळू कुटुंबाच्या खात्यावर वळविला गेला. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याचे उद्दिष्ट सांगितले. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तोच सहाचा आकडा लिहिला. चौपन्न वर्षांनी तेच उद्दिष्ट पुन्हा लिहावे लागते, यावर वेगळ्या भाष्याची गरज नाही.

आता सवलतींकडे वळू. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सुरू झालेल्या ईबीसी सवलतीने एक अख्खी पिढी शिकली. आज तिचा वारसा राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शिक्षणशुल्क योजनेकडे आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्म्या शिक्षणशुल्काची सवलत तिच्यातून मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील मुलींना शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. या निर्णयाचे मी मनापासून स्वागत करतो. विरोधी पक्षात असलो म्हणून चांगल्याला वाईट म्हणण्याचे कारण नाही. परंतु तो निर्णय बारकाईने वाचलेले कार्यकर्ते मला फार थोडे भेटले. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ज्याला मुले ‘कॅप’ म्हणतात त्यातून, झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातील जागेला ही माफी नाही. खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे यांना ती लागू नाही. आता असे पाहा: ‘मुलींचे शिक्षण मोफत’ एवढेच बापाच्या कानावर आलेले असते. मुलीला कॅपच्या पहिल्या फेरीत मनासारखी जागा मिळत नाही. मग जागा संपत आल्याचा धाक घालणारा कुणी दलाल भेटतो आणि झगमगीत इमारतीच्या विद्यापीठात तिचे नाव घातले जाते. माफी मिळणार नाही, हे शुल्काचा दुसरा हप्ता मागितला जातो तेव्हा कळते. हे टाळण्यास क्रांती लागत नाही. प्रवेशाच्या त्या तीन-चार आठवड्यांत नियम वाचलेला एक माणूस त्या घराच्या ओळखीचा असावा लागतो.

शिवाय शिक्षणशुल्क माफ म्हणजे शिक्षण मोफत नव्हे. विकास शुल्क, वसतिगृह, खाणावळ, प्रवास, पुस्तके आणि आता संगणक, हे सारे शिल्लक राहतेच. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी तिची रक्कम तेव्हा वर्षाला ६०,००० रुपये ठरली. म्हणजे महिन्याला ५,०००. एवढ्यात पुण्यात खाट आणि ताट दोन्ही भागवून दाखविणाऱ्या विद्यार्थ्याला मी अर्थशास्त्राची पदवी परीक्षा न घेताच देईन! तरीही ही रक्कम मिळणे आणि न मिळणे यांत शिकणे आणि घरी परतणे एवढा फरक असतो. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाईंच्या नावाची आधार योजना आहे, नोंदणीकृत मजुरांच्या व अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाहभत्ता आहे. शासकीय वसतिगृहात अर्ज करून जागा न मिळालेल्यांना यांतील काही योजना लागू होतात. म्हणून मिळो न मिळो, वसतिगृहाचा अर्ज आधी केलेला असला पाहिजे. ही साधी गोष्ट कुणी सांगत नाही आणि वर्ष वाया जाते.

माझ्या आजच्या म्हणण्याचा गाभा येथे येतो. गरिबाच्या शिक्षणात रकमेइतकाच निर्णायक प्रश्न काळाचा असतो. पैसा मंजूर असतो, पण तो ज्या महिन्यात लागतो त्या महिन्यात नसतो. प्रवेश पावसाळ्यात होतात. शेतकऱ्याच्या हाती तेव्हा काही नसते. उसाचे बिल येऊन खर्ची पडलेले असते, सोयाबीन अजून शेतात असते. शिष्यवृत्ती मात्र सत्र उलटल्यावर, पुष्कळदा वर्ष उलटल्यावर खात्यात येते. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीतील केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो आणि तो त्याने महाविद्यालयात भरावयाचा असतो. तत्त्व म्हणून यात मला वावगे दिसत नाही. व्यवहारात मात्र महाविद्यालय आधी पैसे मागते. पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी ही रक्कम मागू नये, असे परिपत्रक असते. ते विद्यार्थ्याला ठाऊक नसते आणि कारकुनाला आठवत नाही. या तीन-चार महिन्यांच्या फटीत सावकार शिरतो, पतसंस्थेचे चढ्या व्याजाचे कर्ज शिरते, आईच्या गळ्यातले गहाण पडते. गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवला जातो तो याच फटीत. मूळ कागदपत्रे संस्थेने स्वतःकडे ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

काळाचा दुसरा प्रश्न दाखल्यांचा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, अधिवासाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, आणि सर्वांत कठीण म्हणजे जातवैधता. जातवैधतेसाठी जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या पूर्वीचा. ज्याचा आजोबा शाळेत गेला त्याला शाळेच्या रजिस्टरातील नोंद सापडते. ज्याचा आजोबा शाळेच्या पायरीवर चढू शकला नाही, आणि ज्याच्यासाठी ही तरतूद मुळात केली गेली, त्याने कोतवाल बुकात जन्ममृत्यूची नोंद शोधीत फिरावयाचे! पालावर जन्मलेल्या माणसाची नोंद कोणत्या गावच्या कोतवालाने केली असेल? हा शोध बारावीच्या निकालानंतर सुरू करणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. तो नववीत सुरू झाला पाहिजे.

आखणी नववीत सुरू करावी म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. कुटुंबाची शिल्लक आज महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोचतच नाही. ती अकरावी-बारावीच्या शिकवणी वर्गांत संपते. लातूरकडे गाडीभर मुले जातात. त्यांतल्या थोड्यांचे भले होते, बाकीच्यांच्या बापाची जमीन जाते. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. दोन्ही वाटांनी पदवीला दहावीनंतर सहाच वर्षे लागतात. मात्र या वाटेवर शिकवणीचा खर्च वाचतो आणि मध्येच थांबावे लागले तरी हाती पदविका राहते. ही वाट प्रत्येकासाठी नाही, पण ती घरात निदान बोलली गेली पाहिजे. मुलाला काय व्हायचे आहे, हे विचारणारेही कुणी नसते. बाप शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहतो आणि मुलगा भिंतीवरच्या जाहिरातीकडे.

कर्जाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या मंडळींत त्याबद्दल दोन टोकांची मते आहेत. साधारण नियम असा की चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये. अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. व्याज मात्र चालू असते. समजा, चार वर्षे दरवर्षी एक लाख उचलले आणि व्याज सोयीसाठी दहा टक्के धरले. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे व्याज, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. म्हणजे एकूण १,४०,००० रुपये. हप्ते सुरू होतात तेव्हा देणे चार लाख नव्हे, ५,४०,००० असते. सात वर्षांत फेडावयाचे तर महिन्याला सुमारे ८,९६५ रुपये. तेच व्याज शिकत असतानाच भरीत गेले, तर हप्ता सुमारे ६,६४० वर येतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला ८३३ रुपये असते. ते कित्येक घरांना झेपते. परंतु ‘आत्ता काही भरावे लागत नाही’ असे सांगितले गेल्याने ते भरले जात नाही. साडेचार लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी या काळातील व्याज केंद्र सरकारने भरण्याची योजना २००९-१० पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडक ८६० संस्थांसाठी जामिनाविना कर्जाची योजनाही आली. दोन्हींच्या अटी संस्थेवर आणि अभ्यासक्रमावर अवलंबून आहेत, म्हणून त्या प्रवेश घेण्यापूर्वी तपासाव्या लागतात, नंतर नव्हे.

मी कर्जाचा पुरस्कर्ता आहे, असा समज कृपा करून नेऊ नका. पदवीधराला महिन्याला पंधरा हजारांची नोकरी मिळणार असेल, तर नऊ हजारांचा हप्ता ही वेठबिगारीच आहे. ऑस्ट्रेलियाने १९८९ साली परतफेड उत्पन्नाशी जोडली. ठरावीक मिळकत होईपर्यंत हप्ताच नाही. जर्मनीच्या राज्यांनी आकारलेले शुल्क २०१४ पर्यंत पुन्हा रद्द केले. म्हणजे पर्याय आहेत आणि आपली मागणी नि:शुल्क सार्वजनिक शिक्षणाचीच असली पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत, बँकेच्या साध्या व्याजाचे कर्ज आणि सावकाराचे कर्ज यांत फरक नाही, असे म्हणण्याची चैन फक्त ज्याला दोन्ही काढावी लागत नाहीत त्यालाच परवडते.

आपल्यातील काही तरुण साथी म्हणतात की, अर्ज भरून देणे हे स्वयंसेवी संस्थांचे काम आहे. त्याने व्यवस्थेला ठिगळ लागते आणि लढ्याची धार जाते. आक्षेप प्रामाणिक आहे, पण मला तो पटत नाही. गेल्या वर्षी तालुक्यात किती मुलांची शिष्यवृत्ती थकली, कोणत्या महाविद्यालयाने किती दाखले अडविले, पडताळणी समितीकडे किती प्रकरणे किती महिने पडून आहेत, हे आपल्यापैकी कुणी सांगू शकेल काय? नाही. मग समाजकल्याण कार्यालयावरील आपल्या मोर्चाला अधिकारी चहा पाजून परत पाठवितो, यात नवल कसले! दीडशे मुलांची नावे, अर्जक्रमांक आणि थकलेली रक्कम लिहिलेली वही टेबलावर ठेवली, तर त्याला उत्तर द्यावे लागेल. ज्या घरात आपण कोतवाल बुकातील नोंद शोधून दिली असेल, ते घर त्या मोर्चात असेल.

म्हणून प्रत्येक तालुका कार्यालयात आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी ठेवावी, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी निधी लागणार नाही. या सभागृहात बँकेतून निवृत्त झालेले दोन साथी मला दिसत आहेत, आणि तलाठी कार्यालयात आयुष्य घालविलेले एक. वही त्यांच्याकडे सोपवावी. नववी-दहावीच्या मुलांची नावे, त्यांच्यापाशी कोणते दाखले आहेत आणि कोणते नाहीत, एवढे दिवाळीच्या सुटीपूर्वी तिच्यात आले, तर येत्या जूनपर्यंत आपल्याला सात-आठ महिने मिळतील.